अर्धा तास

जानेवारीचा दुसरा रविवार. कुळें स्टेशन,
पाण्याच्या टाकीखालचा बाक.
आम्ही सातजण, या वर्षी आठ.
नियम दोनच: मोबाइल खिशात,
आणि हरेल त्याने सगळ्यांच्या भाजी-पावाचे पैसे द्यायचे.

कायतान फुर्तादो, वास्कोच्या शेडमधून निवृत्त,
सुरुवात नेहमी सोप्याने करतो.
घाटाचा चढ किती?
सदतिसास एक! सगळे एकदम, पाढा म्हटल्यासारखे.
बोगदे किती?
इथे मात्र दरवर्षी दोन तट पडतात.
वरून बांधून काढलेली खिंड बोगद्यात धरायची की नाही
यावरून हर्षद गांवकर आणि तेलू वेळीप
गेल्या वर्षीपासून एकमेकांशी नीट बोलत नाहीत.

मग मीटरगेजच्या डब्याची खिटी कुठल्या हाताला,
मग वाफेच्या इंजिनाची शिट्टी दोन सुरांची की तीन
(तेलू तोंडाने वाजवून दाखवतो,
फलाटावरची कुत्री उठून बसतात).
मी, फोंड्याचा चष्मेवाला, वहीत गुण मांडतो.
मला स्वतःला फारसं येत नाही.
ही माणसं आवडतात म्हणून येतो,
ज्यांना डब्याचं कुलूप आठवतं
आणि लग्नाची तारीख बायकोला विचारावी लागते.

आठवी रेवती दुकळे. सावर्ड्याची, शिवणाचे क्लास घेते.
पाळी आली तशी म्हणाली,
पंचावन्न साली गाडी बंद पडली तेव्हा
कुळ्याचं घड्याळ आणि वर कॅसलरॉकचं,
फरक किती?

अर्धा तास, हर्षद म्हणाला. इथे पोर्तुगीज वेळ, वर भारताची.
कायतान म्हणाला, लोकांचं तसं असेल,
पण रेल्वे आपल्याच वेळेने चालायची.
भांडण चांगलं रंगात येत होतं.

माझ्या आजोबांच्या मनगटावर अर्धाच होता, ती म्हणाली.

आजोबा फायरमन. घर वर,
त्या दिवशीची ड्युटी खाली.
गाडी थांबली ती थांबलीच. परतायचे कागद
आज देतो, उद्या देतो, सहा वर्षं.
कुळ्यात खोली घेतली,
आणि घड्याळ वरच्या वेळेवर ठेवून राहिले.
शेजारपाजाऱ्यांच्या आधी जेवायचे, आधी दिवा मालवायचे.
भुसाऱ्याने फळी काढायच्या आत दारात उभे.
तो शिव्या घालायचा.
आजोबांच्या हिशेबाने त्याही उशिराच यायच्या.

आणि आजी? मी विचारलं.
(गुण मांडणाऱ्याने प्रश्न विचारायचा नसतो.)
वर तीही घड्याळ अर्धा तास मागे लावून
बसलेली असेल, असं काहीतरी
मला ऐकायचं होतं.

आजीकडे घड्याळ नव्हतंच, रेवती म्हणाली.
दोन म्हशी होत्या.

पुरावा? हर्षदने विचारलं.
तो माणूस वाईट नाही, त्याला सगळ्याचा कागद लागतो.
घड्याळ मडगावला दुरुस्तीला दिलेलं, ते दुकानच उठलं.
फोटो आहे एक. फोटोत
आजोबांचे हात पाठीमागे.

बराच खल झाला. शेवटी ठरलं: अर्धा गुण.
आजवर वहीत अर्धा कधी मांडला नव्हता,
एकाच्या रकान्यात मावेना,
रेघ ओलांडून बाहेर आला.

तेवढ्यात मुरगांवचा कोळसा आला.
मागे ढकलायला इंजिनं जोडेपर्यंत
सगळे नंबर टिपत गाडीच्या कडेने पळत होते,
पंचावन्न-साठीची माणसं, चपला हातात.
रेवती बाकावर बसून
उरलेल्या पावाने बशी पुसत होती.

मागून धक्का बसला. पुढून ताण आला.
मधले डबे एकेक करून खडखडले,
आणि गाडी करंझोळच्या अंगाला वळली.

किती वाजता सुटली?
पाच मनगटं वर झाली. पाच वेळा निघाल्या.
हर्षद आणि तेलू, दोघांची मात्र एकच,
हे लक्षात येताच दोघांनीही घड्याळं कानाला लावली.
मी पाचही लिहून घेतल्या.

भाजी-पावाचे पैसे हर्षदने दिले.
हरला नव्हता.